विभूतीचा बुधवार

२१ फेब्रुवारी १९४४, सोमवार

हजेरीपटातली कोरी पानं शिवून अप्पांनी ही वही करून दिली. रोज दुपारी आपलं मन तपासावं आणि सापडेल ते लिहावं, असं फादर क्लेमेंत मागच्या खेपेला म्हणाले होते. ते सगळ्यांनाच म्हणाले होते. वही मी एकटीनं मागितली.

उमरग्याच्या शिवेवर आमची कॅथलिकांची सतरा घरं आहेत आणि एका खोलीचं चर्च आहे. फादर सोलापूरहून महिन्यातून एकदा-दोनदा येतात. बाकीच्या दिवशी प्रार्थना अप्पा चालवतात, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणतात. आई मी तीन वर्षांची असताना गेली. वाचायला मला अप्पांनी शिकवलं, पाप ओळखायला आत्यानं.

सोलापूरला सिस्टरांच्या शाळेत धाकट्या मुलींना शिकवायला मास्तरीण हवी आहे. मला जायचं आहे. एवढी एकच गोष्ट मला हवी आहे, आणि ती इतकी हवी असणं हे पाप आहे का, ते मला ठरवता येत नाही. जायला फादरांची चिठ्ठी लागते, मुलगी धर्माला धरून वागते अशी.

परवा राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाची सुरुवात. त्या दिवशी फादर सगळ्यांच्या कपाळावर राखेचा क्रूस काढतात. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या शिंदीच्या झावळ्या सतरा घरांतून क्रुसामागून काढून आणल्या, घमेल्यात जाळल्या, राख फडक्यातून गाळली. दर वर्षी हे काम अप्पा करत, यंदा माझ्यावर सोपवलं. राख सर्दू नये म्हणून डबा चुलीजवळ ठेवला आहे.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

आत्यानं राख संपवली.

मी शेण आणायला गेले होते. परत आले तर अंगणात भांडी उन्हात चकाकत होती.

"काय राख चाळलीस गं फिलू," आत्या म्हणाली. "अशी बारीक राख जन्मात बघितली न्हाई. तांब्यात तोंड दिसतंय."

शनिवारी मुनवर कल्हईवाल्यानं आमच्या भांड्यांना आतून कल्हई केली होती. ती बाहेरूनही तशीच दिसावीत म्हणून आत्यानं पाच भांडी घासली. तांब्या, परात, दोन पातेली आणि पेला. डब्याच्या तळाला काही नव्हतं. मी झाकण लावून डबा जागेवर ठेवला.

दुसऱ्या झावळ्या कुठल्याच घरात उरल्या नव्हत्या. फादर उद्या सकाळी येणार. सतरा घरं कपाळ पुढं करून उभी राहणार.

शेजारी माणिकप्पा तेल्याच्या घरी शिवरात्रीची गडबड होती. त्यांच्या कपाळावर तर रोजच राख असते. मी कुंपणाशी जाऊन नागम्मामावशींना विभूती मागितली.

"तुला?" त्या म्हणाल्या.

"आमच्या सगळ्यांना."

त्यांनी हातातलं बेलाचं पान खाली ठेवलं. डोळ्यांना पदर लावला. "आज मागणाऱ्याला न्हाय म्हणू नये, फिलम्मा. आन तू तर सतरा घरांचं मागतीस." त्यांनी विभूतीचे तीन गोळे दिले.

विभूती पांढरी असते, झावळ्यांची राख काळपट. म्हणून दिव्याची काजळी मिसळली. काजळी उडायला लागली म्हणून करडईच्या तेलाचे थेंब टाकले, तीन किंवा चार. मी कुणाशी खोटं बोलले नाही. रंग बदलणं खोट्यात मोडतं का, ते आत्यानं शिकवलेलं नाही.

२३ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

खाजाभाईंच्या टांग्यातून फादर वेळेवर आले. वेदीवरची डबी उघडून त्यांनी नाकाशी नेली. माझ्याकडे बघितलं. पुन्हा डबीकडे बघितलं. त्यांना पडसं झालं असावं. मग बोट बुडवून एकेकाच्या कपाळावर क्रूस काढत लॅटिनमध्ये म्हणत गेले, आणि अप्पा मागून मराठीत सांगत गेले, माणसा, तू माती आहेस, मातीला मिळशील.

माझ्या कपाळाशी फादरांचा हात जरा थांबला, असं मला वाटलं.

निघताना त्यांनी अप्पांच्या हातात एक लिफाफा दिला. पुढच्या मिस्सांच्या, म्हणजे फादर वेदीवर करतात त्या उपासनेच्या, तारखा असाव्यात. घरी आल्यावर अप्पा बराच वेळ क्रुसामागं हात घालून उभे होते. मी विचारलं तर म्हणाले, "जाळं झालंय, झटकतोय."

"माझ्या चिठ्ठीचं फादर काही बोलले का?"

अप्पा जाळं झटकतच राहिले. "उपवासकाळ संपल्यावर बघतो म्हणाले. तुझं वागणं बघून."

म्हणजे माझ्याकडे सेहेचाळीस दिवस आहेत. आणि पहिल्याच दिवशी मी सतरा घरांच्या कपाळावर शंकराची राख लावली आहे.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार

क्रूस जात नाहीत.

पाणी, शिकेकाई, वीट, सगळं करून झालं. वाडीतले लुकसतात्या काल बाजारात गेले तर जवारीवाला त्यांना म्हणाला, "मास्तरांच्या लोकांनी औंदा पक्का शिक्का मारला वाटतं." शाळेत पोरांना तोंडं धुऊन या म्हणून परत पाठवलं. पोरं दोनदा धुऊन आली, मग गुरुजींनी स्वतः घासून बघितलं.

अप्पा मात्र खूश आहेत. "इतकी वर्षं दुपारपर्यंत पुसून जायचं. यंदा लोक मनापासून धरून आहेत."

आत्याला शेवटी कळलं की तेलानं निघतं. सतरा घरांतून वाट्या घेऊन बायका माणिकप्पांच्या घाण्यावर गेल्या. माझा मी काढला नाही. ज्याची चूक त्यानं मिरवावी.

नागम्मामावशी रोज संध्याकाळी आमच्या क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला येऊन मागं बसतात. अप्पांनी विचारलं तर म्हणाल्या, "आमचं माणूस आलंय तुमच्यात, बघायला नको?" अप्पांना वाटलं त्या माझ्याविषयी बोलतात. मला ठाऊक आहे त्या विभूतीविषयी बोलतात.

२८ फेब्रुवारी, सोमवार

तीन दिवस मी त्या भांड्यांतलं खाल्लं नाही. भाकरी हातावर घेते, पाणी ओंजळीनं पिते. आत्या म्हणते, हिचा उपास जरा लईच चाललाय.

आत्यानंच लहानपणी शिकवलं आहे की आशीर्वाद दिलेली वस्तू टाकून द्यायची नसते, जाळायची किंवा पुरायची. राख आधीच जळलेली आहे. म्हणजे पुरायची राहिली. पण राख आता भांड्यांना लागली आहे आणि भांड्यापासून वेगळी करता येत नाही. चार दिवस विचार केला, चारही दिवस हिशेब तिथंच येतो.

आज उजाडताना कुदळ घेतली आणि परसात कुंपणाशी पाचही भांडी पुरली. तांब्या आईच्या माहेरचा होता. तो सगळ्यात शेवटी ठेवला.

माती ओढत होते तेव्हा कुंपणापलीकडून नागम्मामावशी म्हणाल्या, "काय पेरतीस गं?"

खोटं बोलायचं नव्हतं. मी म्हटलं, "प्रायश्चित्त."

"कदी उगवतं?"

"माहीत नाही."

२९ फेब्रुवारी, मंगळवार

आजची तारीख चार वर्षांनी येते. आज केलेल्या पापाचं वय कसं मोजत असतील? फादरांना विचारायचं.

२ मार्च, गुरुवार

तीन दिवस घरभर शोधून आज आत्यानं उमरगा डोक्यावर घेतलं. भांडी चोरीला गेली. सगळी नाही, नेमकी नवी कल्हई केलेली.

"कल्हई कुठल्या भांड्याला केली हे कुणाला ठाऊक? करणाऱ्यालाच ना?" ती म्हणाली आणि ठाण्यात जाऊन मुनवरचं नाव सांगून आली. मुनवर तेव्हा पुढच्या गावांना निघून गेलेला होता, म्हणून मला वाटलं निभावलं. तो सापडणार नाही, मग त्याला काही होणार नाही, आणि मला चिठ्ठी मिळेल. हे मी आज दुपारी मनात जसं आलं तसं लिहिलं आहे. वाचून बरं वाटत नाही.

सध्या आम्ही पळसाच्या पत्रावळीवर जेवतो. अप्पा म्हणतात, उपवासकाळाला शोभतंच.

नागम्मामावशी सकाळी कुंपणावरून हात घालून त्या जागेवर तांब्याभर पाणी ओततात. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "पेरलं तर पानी नको?"

६ मार्च, सोमवार

मोठं प्रायश्चित्त करायला हवं. संतांच्या गोष्टींत पायतणात खडे घालून चालतात. मला पायतण नाही, मी अनवाणीच असते. खाजाभाईंच्या घरी फरिदाबींकडे जुनी चप्पल मागितली, पण तिच्यातून खडे बाजूनं सांडतात. मग त्यांनी खाजाभाईंचे जुने जोडे दिले. पुढं कापूस कोंबला, टाचेखाली खडे.

वाडीतून चालत गेले तर लुकसतात्यांच्या सूनबाई दारात उभ्या होत्या. "उपवासकाळात लोक असलेलं सोडतात," त्या म्हणाल्या. "मास्तरांच्या लेकीनं जोडे केले."

मी लंगडत पुढं गेले. मागून म्हणाल्या, "चालबी बदलली."

सांगता येत नाही. प्रायश्चित्त सांगितलं की त्याचं पुण्य जातं.

१२ मार्च, रविवार

आज पापनिवेदन करून मोकळी होणार होते. सगळं क्रमानं पाठ केलं होतं, एकवीस बाबी. खाजाभाईंचा टांगा आला तो रिकामा. फादरांना हिवताप. आता झावळ्यांच्या रविवारी येतील.

पापं सांगण्याआधी मेलं तर नरक, म्हणजे अजून तीन आठवडे मी मरून चालणार नाही. आज विहिरीवर गेले नाही. माणिकप्पांचा बैल वाटेत होता, लांबून वळसा घातला. सोलापूर-हैदराबाद रस्ता ओलांडायचा होता, मोटार दिसत नव्हती तरी थांबले. अर्ध्या तासानं एक आली, ती गेल्यावर ओलांडला. इतका जीव जपणं हे प्रायश्चित्ताच्या उलट तर नाही? बावीस.

१४ मार्च, मंगळवार

मुनवर बाजारात आला आणि त्याला ठाण्यात नेलं. त्याच्या पिशवीत एक पितळी तांब्या सापडला. तो आमचा नाही. आत्यानं बघून सांगितलं, आमचा नाही, पण आमच्यासारखा आहे. तेवढ्यावर त्याला बसवून ठेवलं आहे.

मी गेले तर सगळं निघेल. भांडी का पुरली हे सांगायला राखेचं सांगावं लागेल, राखेचं सांगितलं की विभूती निघेल. मग सोलापूर नाही. मी आयुष्यभर इथंच पाप ओळखत बसणार.

न गेले तर तो माणूस बसून राहील. मी मनाशी म्हटलं, त्याला खायला देत असतील. मग म्हटलं, ठाण्याचा अंमलदार, आमीनसाहेब, चांगला माणूस आहे. मग म्हटलं, मुनवरला विश्रांतीच होईल. ही तिन्ही वाक्यं मीच तयार केली आहेत. पाऊल उचललं नाही.

१५ मार्च, बुधवार

सकाळी जोडे घातले, खडे तसेच ठेवले, आणि ठाण्यात गेले.

आमीनसाहेब उर्दूत काही लिहीत होते. मुनवर भिंतीला टेकून बसला होता.

"भांडी मी पुरली," मी म्हटलं.

"चोरीला जाऊ नयेत म्हणून?"

"नाही. आत्यानं घासली म्हणून."

आमीनसाहेबांनी टाक खाली ठेवला. "भांडी कुणाची?"

"आमची."

"जमीन?"

"आमची."

"मग बाई, मी चोर कुणाला लिहू?"

मुनवर उठून उभा राहिला. "साहब, ते जाऊ द्या. जमिनीत किती दिवस हायेत?"

"सोळा," मी म्हटलं.

तो कपाळाला हात लावून पुन्हा बसला. "हाय अल्ला. मेरी कल्हई."

आमीनसाहेब, मुनवर, एक जवान आणि वाटेत जमलेले दीडशे लोक आमच्या परसात आले. अप्पा चर्चमधून धावत आले. जवानानं खणलं. पाच भांडी निघाली, हिरवी आणि चिखलानं भरलेली. कुंपणापलीकडून नागम्मामावशी सगळ्यांना सांगत होत्या, "म्या रोज पानी घातलं. उगवली बघा."

"पण का?" अप्पांनी विचारलं. त्यांनी आईचा तांब्या उचलून धोतरानं पुसायला घेतला होता.

मी सांगितलं. झावळ्या, डबा, चूल, आत्या. आत्या ओट्यावर बसली.

अप्पांचा हात थांबला. "राख मंगळवारीच संपली?"

"हो."

"मग बुधवारी आमच्या कपाळावर काय होतं?"

नागम्मामावशी अभिमानानं म्हणाल्या, "आमच्या घरची विभूती. शिवरात्रीची."

मग लुकसतात्या हळूच कपाळ चाचपत म्हणाले, "तरीच माझी अर्धशिशी थांबली."

तेवढ्यात लिंगायतांचे म्हातारे चन्नबसप्पा पुढं आले आणि म्हणाले की दीक्षा न घेता विभूती लावली, हे बरं नाही. आमची आम्हाला परत द्या.

अप्पांनी तांब्या काखेला धरला. मग म्हणाले, "ती तेलानं पुसली. तेल माणिकप्पांच्या घाण्यावरच पुसलं. ज्याची होती त्याच्या दारात पोचली."

चन्नबसप्पांनी विचार केला आणि मान हलवली. त्यांना पटलं. मला नाही पटलं. माझी अजून कपाळावरच आहे.

मुनवरची मी हात जोडून माफी मागितली. तो म्हणाला, "माफी ठीक हाय अम्मा. पुन्यांदा कल्हई करीन. पन आता खाली पुरू नका, ऊपर ठेवा."

१६ मार्च, गुरुवार

आत्या माझ्याशी बोलत नाही. अप्पा बोलतात, पण चिठ्ठीचं नाही. मी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही राहिलेलं नाही.

जेवताना अप्पांनी दोनदा क्रुसाकडे बघितलं. माझ्यासाठी प्रार्थना करत असावेत.

२ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

फादर आले, बारीक झाले आहेत. मिस्साच्या आधी पापनिवेदन. पडद्याशी गुडघे टेकले आणि सदतीस बाबी सांगितल्या. राख, काजळी, तेलाचे थेंब तीन की चार ते आठवत नाही हेही सांगितलं. भांडी, मुनवर, जोडे, मोटार. पडद्याआड फादरांचे खांदे हलत होते. पुरलेल्या भांड्यांपाशी त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले. माझ्या पापांनी एका आजारी माणसाला रडवलं, ही अडतिसावी.

बऱ्याच वेळानं त्यांना बोलता आलं. "राखेनं कुणी तरत नाही, पोरी. राख नुसती आठवण करून देते. यंदा जरा जास्त दिवस आठवण राहिली, इतकंच."

"मग उपवासकाळ फुकट नाही गेला?"

"कुणाचाच नाही. तुझं वय किती?"

"एकोणीस."

"एकविसाच्या आत हा उपास लागूच नाही. कुणी सांगितलं नव्हतं?"

आत्यानं नव्हतं सांगितलं.

माझं प्रायश्चित्त असं आहे. जोडे परत करायचे. पवित्र आठवडाभर दोन वेळा पोटभर जेवायचं, मीठ घालून, शुक्रवारीसुद्धा. आणि सणानंतर ही वही बंद करायची. मी म्हटलं, याहून सोपं काही द्या. त्यांचे खांदे पुन्हा हलायला लागले.

माझ्यामागून अप्पा गेले. ते इतका वेळ आत होते की मागची माणसं पाय बदलायला लागली. अप्पांनी एवढं काय केलं असेल? बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. तेही बहुधा माझ्याचमुळं.

७ एप्रिल, उत्तम शुक्रवार

येशूच्या मरणाचा दिवस, सगळी वाडी उपाशी. दुपारी बारा वाजता मी एकटी ओट्यावर बसून वरण-भाकरी खाल्ली. लुकसतात्यांच्या सूनबाई दारातून बघत होत्या. इतकं कठीण मी काही केलेलं नाही. मध्येच वरण चवदार लागलं. ते मोजू नको, असं फादर म्हणाले होते.

८ एप्रिल, शनिवार

मुनवर येऊन पुन्हा कल्हई करून गेला. बाहेरून घासायला आत्यानं मला बसवलं. चुलीतली राख स्वतः चाळली आणि पुढ्यात ठेवली. चोवीस दिवसांत पहिलं वाक्य बोलली. "घास. ही नुसती राख हाय."

आईचा तांब्या घासून झाल्यावर त्यात तोंड दिसलं. कपाळावरचा क्रूस गेला आहे. कधी गेला, ते बघायचं राहिलं.

१० एप्रिल, सोमवार

काल ईस्टर झालं. जेवण झाल्यावर अप्पांनी क्रुसामागं हात घातला, यंदाच्या हिरव्या झावळ्या बाजूला केल्या आणि एक लिफाफा काढून माझ्या हातात दिला. सोलापूरच्या सिस्टरांना फादरांची चिठ्ठी. ही मुलगी धर्माला धरून वागते, हिच्या हाती मुली निर्धास्त सोपवा, असं लिहिलं आहे. मला दोनदा वाचावं लागलं.

एक खोट आहे. खाली तारीख २३ फेब्रुवारी १९४४ अशी आहे. हिवतापात फादरांकडून चुकली असणार. मी अप्पांना दाखवलं.

"चुकीच्या तारखेची चिठ्ठी चालते का?"

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "चालते. चूक झाली ती सांगून झालीय."

"कुणाला?"

"फादरांना."

मग म्हणाले, "पुढच्या वर्षी राख मीच करीन. तू तिथं असशील." आणि जाळं झटकायला पुन्हा क्रुसाकडे गेले, तिथं आता जाळं नव्हतं.

उद्या सकाळी खाजाभाईंचा टांगा येईल. आत्यानं ट्रंकेत तांब्या ठेवला आहे, आईचा. नागम्मामावशींनी कुंपणावरून एक पुडी दिली. आत विभूतीचे दोन गोळे.

"सोलापुरात कमी पडली तर," त्या म्हणाल्या.

पुडी तांब्यात ठेवली आहे. नेलेलं चालेल का, हे वहीत लिहायला मला आजपासून मनाई आहे, म्हणून विचारत नाही. नेते आहे.